कॉम्प्युटरवरची फाइल कोणी उघडली, हे कसे शोधायचे?

प्रश्न बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपच्या मालकांचा आहे. ऑफिसात चार कॉम्प्युटर आहेत. त्यातल्या एकावरच्या शेअर फोल्डरमध्ये कास्टिंगची सगळी ड्रॉइंग आणि कोटेशनच्या एक्सेल शीट ठेवलेल्या आहेत. ऑफिसातला एक मुलगा काम सोडून गेला आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या जुन्या ग्राहकाकडे दुसऱ्या कोणाचे तरी कोटेशन गेले, तेही यांच्या दरापेक्षा जेमतेम कमी. जाण्यापूर्वी त्याने कोणत्या फाइल उघडल्या, काही नेले का, हे आता कळेल का? पुढे अशी नोंद राहावी म्हणून काय करायचे? ओळखीचा एक जण 'सगळ्यांची स्क्रीन तुमच्या मोबाइलवर दिसेल' असे सॉफ्टवेअर टाकून देतो म्हणतोय, ते घ्यायचे का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. ते सॉफ्टवेअर घेऊ नका. असली सॉफ्टवेअर स्क्रीनचे फोटो काढतात, दाबलेली प्रत्येक की टिपतात आणि ते सगळे कुठल्या तरी सर्व्हरवर पाठवतात. तो सर्व्हर कोणाचा, हे टाकून देणाऱ्यालाही माहीत नसते. तुमच्या अकाउंटंटचा नेट बँकिंगचा पासवर्ड आणि जीएसटी पोर्टलचे लॉगिनही त्यात जाईल. दराचा कागद गेला म्हणून तिजोरीची किल्ली बाहेर ठेवण्यात अर्थ नाही. विंडोजमध्ये यासाठी लागणारी सोय आधीपासून आहे, फुकट आहे, फक्त बंद असते.

आणि ती बंद असते, हीच तुमची खरी अडचण आहे. कोणती फाइल कोणी वाचली याची नोंद विंडोज आपणहून ठेवत नाही. आज कॅमेरा बसवून गेल्या महिन्याचे चित्रण मिळत नाही, तसेच आहे हे. त्यामुळे मागचे जे काही हाती लागेल ते दुसऱ्याच कारणासाठी पडलेल्या खुणांमधून. काही खुणा भक्कम असतात, काही फसव्या, आणि लोक नेमके फसव्यांवर आधी विश्वास ठेवतात.

खुणा बघायच्या आधी एक सांगतो. तो मुलगा ज्या कॉम्प्युटरवर बसत होता तो बंद करा आणि कोणालाही देऊ नका. आपल्याकडे नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी कोणीतरी 'मशीन स्लो आहे' म्हणून 'टेम्प' आणि 'प्रीफेच' फोल्डर उघडून सगळे डिलीट मारतो, वर एखादा क्लीनर चालवतो. बेळगाव ते निपाणी, कुठल्याही ऑफिसात जा, हीच सवय. मशीनचा वेग त्याने फारसा वाढत नाही, पण तुम्हाला हव्या असलेल्या खुणांपैकी निम्म्या त्याच साफसफाईत जातात. प्रकरण पोलिसांपर्यंत न्यायचा विचार असेल तर डिस्क काढून पाकिटात सील करा, तारीख घाला, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि मशीनला दुसरी डिस्क लावा. तपास करणारा माणूस मूळ डिस्कला हात न लावता तिची हुबेहूब प्रत काढून त्या प्रतीवर काम करेल. फक्त स्वतःच्या समाधानासाठी बघायचे असेल, तर पुढचे तुम्ही स्वतः करू शकता.

सगळ्यात कामाची खूण म्हणजे 'रीसेंट' फोल्डर. त्या मुलाच्या लॉगिनने मशीन उघडा, विंडोजची की आणि आर एकत्र दाबून 'शेल', मग अपूर्णविराम, मग 'रीसेंट' असे इंग्रजीत टाइप करा. फाइल डबल क्लिक करून उघडली की विंडोज तिथे तिचा एक छोटा शॉर्टकट बनवून ठेवते. त्या शॉर्टकटची 'क्रिएटेड' वेळ म्हणजे त्या नावाची फाइल त्या लॉगिनवरून साधारण पहिल्यांदा उघडली ती वेळ, आणि 'मॉडिफाइड' वेळ म्हणजे शेवटची. मूळ फाइल नंतर डिलीट केली किंवा पेन ड्राइव्ह काढून नेला तरी शॉर्टकट मागे राहतो. फाइल कोणत्या ड्राइव्हवर होती, तो ड्राइव्ह काढता येण्याजोगा होता का आणि त्याचा व्हॉल्यूम सीरियल नंबर (फॉरमॅट करताना ड्राइव्हला मिळणारा क्रमांक) काय, हेही त्यात असते. म्हणजे 'ई' ड्राइव्हवरच्या 'रेट' नावाच्या एक्सेल शीटचा शॉर्टकट तिथे दिसला आणि तुमच्या मशीनला 'ई' ड्राइव्हच नसेल, तर ती शीट बाहेरून लावलेल्या कशावर तरी होती आणि तिथूनच उघडली गेली, एवढे नक्की.

मात्र एक मर्यादा ध्यानात ठेवा. हा शॉर्टकट फाइल उघडल्यावर बनतो, कॉपी केल्यावर नाही. पूर्ण फोल्डर निवडून पेन ड्राइव्हवर टाकला तर 'रीसेंट'मध्ये एक अक्षरही उमटणार नाही. चोरी करणारा शक्यतो उघडून बघत बसत नाही, उचलतो आणि जातो. म्हणून 'रीसेंट' रिकामे आहे यावरून कोणी निर्दोष ठरत नाही.

टास्कबारवरच्या एक्सेलच्या चिन्हावर उजवे क्लिक केल्यावर जी अलीकडच्या फाइलींची यादी येते तीही अशीच डिस्कवर साठलेली असते. वर्ड-एक्सेल आपली वेगळी यादी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात ठेवतात, बरीचशी कॅड सॉफ्टवेअरही ठेवतात. 'प्रीफेच' फोल्डर कोणी साफ केला नसेल तर एखादा प्रोग्रॅम शेवटचा कधी चालला हे त्यातून कळते. विंडोज ८ पासून शेवटच्या आठ वेळा साठवल्या जातात. हे सगळे एकमेकांशी ताडून बघायचे. एकाच खुणेवर भिस्त ठेवायची नाही.

आता फसव्या खुणेकडे येतो. फाइलच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये तीन वेळा दिसतात: 'क्रिएटेड', 'मॉडिफाइड' आणि 'ॲक्सेस्ड'. तिसरी बघून मालक मंडळी माझ्याकडे येतात, 'हे बघा, रविवारी रात्री साडेअकराला उघडलीय!' रविवारी रात्री ऑफिसला कुलूप असते, मग किल्ली कोणाकडे होती यावरून भांडण. पण ही वेळ म्हणजे माणसाने फाइल उघडल्याची वेळ असेलच असे नाही. विंडोज व्हिस्टापासून ही वेळ बदलणे मुळातच बंद ठेवले होते, कारण प्रत्येक वाचनाला डिस्कवर एक जादा लिखाण होऊन मशीन मंदावत असे. विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून हा निर्णय विंडोज स्वतः घेते, त्यामुळे एका मशीनवर ती चालू सापडते आणि शेजारच्या मशीनवर बंद. तुमच्याकडे काय आहे हे कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एफएसयुटिल' कमांडने 'डिसेबल लास्ट ॲक्सेस' ही सेटिंग विचारून कळते. उत्तर ० किंवा २ आले तर वेळ बदलते, १ किंवा ३ आले तर बदलत नाही.

चालू असली तरी काय? अँटिव्हायरसने फाइल तपासली, बॅकअपने उचलली किंवा सर्चच्या इंडेक्सिंगने आतला मजकूर वाचला, तरी ती वेळ बदलू शकते. शिवाय एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फाइल मांडायची पद्धत) ही वेळ डिस्कवर तासाभरापर्यंत उशिरा लिहू शकते. पेन ड्राइव्ह फॅट ३२ या जुन्या पद्धतीचा असेल तर तिथे फक्त तारीख असते, तास-मिनिटे नसतातच. रविवारी रात्री साडेअकराला तुमच्या ऑफिसात कोण होते? बहुतेक ठरलेल्या वेळेचा बॅकअप. 'ॲक्सेस्ड' या एका रकान्यावरून माणसाला दोषी धरू नका.

'क्रिएटेड' आणि 'मॉडिफाइड' या जोडीतून मात्र एक चांगली गोष्ट कळते. फाइल कॉपी केली की नव्या प्रतीची 'क्रिएटेड' वेळ कॉपी केल्याची असते, पण 'मॉडिफाइड' वेळ मूळ फाइलचीच राहते. त्यामुळे एखादी फाइल 'बनण्याच्या आधीच बदललेली' दिसली तर ती कुठून तरी आणलेली प्रत आहे. कोणाच्या 'डाउनलोड्स'मध्ये किंवा डेस्कटॉपवर 'नवीन फोल्डर'मध्ये चाळीस ड्रॉइंग सापडली, सगळ्यांची 'क्रिएटेड' वेळ एकाच मिनिटातली आणि 'मॉडिफाइड' वेळा वेगवेगळ्या वर्षांच्या, तर त्या मिनिटाला सगळा गठ्ठा तिथे आणला गेला. पुढे कुठे गेला हा दुसरा प्रश्न. मूळ फाइलवर मात्र कॉपीची अशी कोणतीच खूण राहत नाही. विंडोजच्या दृष्टीने कॉपी म्हणजे एकीकडे वाचणे आणि दुसरीकडे लिहिणे. ती खूण प्रतीवर असते, आणि ती प्रत नेमकी तुमच्याकडे नसते.

पेन ड्राइव्ह लागला होता का, हे जरा सोपे. रजिस्ट्रीत 'यूएसबीस्टोर' नावाच्या भागात लावलेल्या ड्राइव्हचे नाव, मॉडेल आणि बहुतेक वेळा सीरियल नंबर सापडतो. विंडोजच्या 'आयएनएफ' फोल्डरमधल्या 'सेटअप एपीआय'च्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत तो पहिल्यांदा कधी लावला ती वेळ असते. ही वेळ, मघाच्या शॉर्टकटमधला व्हॉल्यूम सीरियल आणि हजेरीच्या मशीनवरची त्या दिवसाची वेळ एका कागदावर शेजारीशेजारी लिहा. जुळले तर बोलण्यासारखे काही आहे. नाही जुळले तर गप्प बसा.

आणि आता तो प्रश्न, ज्याच्यावर बहुतेक प्रकरणे संपतात. त्या मशीनवर तो मुलगा कोणत्या नावाने लॉगिन करत होता? 'ॲडमिन'? पासवर्ड १२३, मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला? मग वरच्या सगळ्या खुणा 'ॲडमिन'कडे बोट दाखवतील, आणि 'ॲडमिन' म्हणजे तुमचे सगळे ऑफिस, तुम्ही स्वतः धरून. कॉम्प्युटरला माणूस दिसत नाही, खाते दिसते. खुर्चीत कोण होते हे हजेरी, कॅमेरा किंवा साक्षीदार सांगतो. एकच खाते सगळे वापरत असतील तर कितीही महागडे सॉफ्टवेअर आणा, तुम्हाला हवे ते उत्तर मिळणार नाही.

म्हणून पुढच्या व्यवस्थेत पहिले काम खात्यांचे. प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन आणि स्वतंत्र पासवर्ड, आणि ते खाते 'स्टँडर्ड यूजर'चे. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड फक्त तुमच्याकडे. ज्याच्या हाती ॲडमिनिस्ट्रेटरचे खाते, तो सिक्युरिटी लॉग, म्हणजे विंडोजची सुरक्षेची नोंदवही, पुसू शकतो. पुसला तर ११०२ क्रमांकाची एक नोंद मागे राहते, पण बाकीचे सगळे गेलेले असते. पाच मिनिटे कोणी उठले तर विंडोज की आणि एल दाबून मशीन लॉक करायचे. सुरुवातीला कुरकुर होईल. 'साहेब, प्रत्येक वेळी पासवर्ड कुठे टाकत बसू?' होईल सवय.

दुसरे काम, ज्याला जे लागत नाही ते त्याला दिसताच कामा नये. स्टोअर सांभाळणाऱ्याला कोटेशनचा फोल्डर कशाला हवा? लहान ऑफिसात शेअरिंग करताना 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद करून 'एव्हरीवन'ला सगळे अधिकार दिलेले असतात, कारण त्याशिवाय प्रिंटर चालत नाही अशी समजूत आहे. तसे असेल तर सगळे जण 'गेस्ट' म्हणून आत येतात आणि लॉगमध्येही 'गेस्ट' एवढेच उमटते. आधी 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' पुन्हा चालू करा. पाळत ठेवण्यापेक्षा दार लावणे स्वस्त पडते, आणि सातपैकी पाच जणांना दार बंद असेल तर दोघांचीच नोंद वाचावी लागते.

आता नोंद चालू करणे. हे दोन ठिकाणी करावे लागते, आणि बहुतेक जण एकच करून 'चालत नाही' म्हणतात. ज्या मशीनवर फाइल प्रत्यक्ष आहेत त्यावर 'लोकल सिक्युरिटी पॉलिसी' उघडा. त्यात शेवटी 'ॲडव्हान्स्ड ऑडिट पॉलिसी कॉन्फिगरेशन', त्यात 'ऑब्जेक्ट ॲक्सेस', त्यात 'ऑडिट फाइल सिस्टिम'. तिथे 'सक्सेस' आणि 'फेल्युअर' दोन्हींवर खूण करा. विंडोजच्या होम आवृत्तीत ही खिडकी नसते, तिथे 'ऑडिटपोल' या कमांडचा आधार घ्यावा लागतो. धंद्याच्या मशीनवर प्रो आवृत्तीच असावी असे माझे मत आहे. इथपर्यंत तुम्ही विंडोजला फक्त एवढे सांगितले की नोंद ठेवायची आहे. कशाची, हे अजून सांगितलेले नाही.

त्यासाठी तो फोल्डर. उजवे क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'सिक्युरिटी', 'ॲडव्हान्स्ड', मग 'ऑडिटिंग' हा टॅब. 'ॲड' करून 'एव्हरीवन' निवडा, प्रकार 'ऑल' ठेवा, 'शो ॲडव्हान्स्ड परमिशन्स' उघडा आणि फक्त 'रीड डेटा', 'राइट डेटा', 'डिलीट' एवढ्यांवरच खूण करा. 'फुल कंट्रोल'वर खूण करायचा मोह होतो, तो आवरा. तसे केले तर नुसता फोल्डर उघडला तरी नोंदींचा पाऊस पडतो आणि दोन दिवसांत तुम्ही लॉग बघणे सोडून द्याल. आणखी एक, ऑडिटिंग पूर्ण 'डी' ड्राइव्हवर लावू नका. कोटेशन आणि ड्रॉइंग, एवढे दोनच फोल्डर पुरेत.

नोंदी 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये, 'विंडोज लॉग्ज' खाली 'सिक्युरिटी'त दिसतात. 'फिल्टर करंट लॉग' घेऊन ४६६३ हा क्रमांक टाका. त्यात खात्याचे नाव, फाइलचा पूर्ण मार्ग, काय केले आणि कोणत्या प्रोग्रॅमने केले, हे चारही असते. डिलीटचा वेगळा ४६६० क्रमांक आहे, पण त्यात फाइलचे नाव नसते, ते 'हँडल आयडी' जुळवून ४६६३ मधूनच काढावे लागते.

प्रोग्रॅमचे नाव हा सगळ्यात बोलका रकाना. ड्रॉइंग ऑटोकॅडने वाचले तर कोणीतरी ते उघडून काम केले. एक्सेल शीट एक्सेलने वाचली, ठीक. पण लागोपाठ दोनशे ड्रॉइंग 'एक्सप्लोरर'ने वाचली, तीही मिनिटाच्या आत, तर तो उघडून बघण्याचा वेग नव्हे, तो कॉपीचा वेग आहे. एखाद-दुसरी फाइल एक्सप्लोररने वाचलेली दिसली तर घाबरू नका, प्रीव्ह्यू पेन किंवा छोटी चित्रे दाखवण्यासाठीही तो फाइल वाचतो. क्रोमने एक्सेल शीट वाचली, तर ती बहुधा ईमेलला, ड्राइव्हला किंवा व्हॉट्सॲप वेबवर चढवली. मात्र एजने पीडीएफ वाचली यावरून काही सिद्ध होत नाही, कारण विंडोजमध्ये पीडीएफ उघडायचे काम एजच करते. अँटिव्हायरस, बॅकअप, गुगल ड्राइव्ह यांच्या नोंदी नावावरून ओळखून बाजूला काढायच्या. पेन ड्राइव्हवरच्या फाइलींची नोंद हवी असेल तर त्याच 'ऑब्जेक्ट ॲक्सेस'मध्ये 'ऑडिट रिमूव्हेबल स्टोरेज' आहे, विंडोज ८ पासून.

तुमच्याकडे फाइल एका मशीनवर आणि वाचणारे बाकीच्या तीन मशीनवर आहेत, म्हणून एक खोच सांगायला हवी. नेटवर्कवरून वाचलेल्या फाइलीच्या ४६६३ मध्ये खात्याचे नाव बरोबर येते, पण प्रोग्रॅमचा रकाना निरुपयोगी होतो, कारण फाइल असलेल्या मशीनच्या दृष्टीने ते काम 'सिस्टिम'नेच केलेले असते. ऑटोकॅड होता की कॉपी, हे तिथून कळत नाही, फक्त वेगावरून अंदाज बांधता येतो. कोणत्या मशीनवरून आले हे ५१४० आणि ५१४५ या नोंदींत आयपी पत्त्यासह, म्हणजे नेटवर्कवरच्या मशीनच्या क्रमांकासह मिळते. त्यातली ५१४५ फार बडबडी आहे. ती मशीनवरच्या सगळ्या शेअरची नोंद करते, तिला फोल्डर निवडता येत नाही. चार मशीनच्या ऑफिसात चालवून घेता येते, चाळीसच्या ऑफिसात नको. आयपी पत्त्याचा उपयोग व्हायचा असेल तर राउटरमध्ये प्रत्येक मशीनला पत्ता ठरवून द्या, नाहीतर आजचा १०५ ने संपणारा पत्ता उद्या दुसऱ्याच टेबलावर असेल.

सिक्युरिटी लॉगचा आकार ठरावीकपणे फक्त २० एमबी असतो, आणि भरला की जुन्या नोंदी पुसून नव्या लिहिल्या जातात. ऑडिटिंग चालू केल्यावर हे २० एमबी फार लवकर संपतात. लॉगवर उजवे क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये तो १ जीबीच्या आसपास न्या आणि दर महिन्याला लॉग सेव्ह करून बाहेरच्या डिस्कवर घ्या. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने काढलेल्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितले आहे. तुम्हाला कोणी विचारायला येवो न येवो, तेवढा काळ व्यवहारातही बरोबर आहे, कारण दर फुटल्याचे कोटेशन हातचे गेल्यावरच कळते.

टॅलीबद्दल विचारले नाहीत, पण विचाराल. सौहार्द सहकारी सोसायट्यांचे लोक हमखास विचारतात, 'अमक्याचे लेजर कोणी बघितले ते दाखवा.' फाइलीच्या ऑडिटिंगने ते दिसत नाही. टॅलीत कंपनी उघडली की डेटा फोल्डरमधल्या फाइल वाचल्या जातात, म्हणजे कोणत्या खात्याने कधी टॅलीत कंपनी उघडली एवढे कळेल. आत कोणते व्हाउचर बघितले ते नाही. टॅलीचा एडिट लॉग बदल टिपतो, नुसते बघणे नाही. कोणत्याही डेटाबेसचे असेच असते, त्याची नोंद त्या सॉफ्टवेअरच्या आत ठेवावी लागते. टॅलीतही प्रत्येकाला वेगळा यूजर द्या आणि ज्याला लेजर बघायचे कारण नाही त्याचा अधिकार काढा.

कोणी नॅस (नेटवर्कला जोडलेली, फाइल साठवायची पेटी) घ्या म्हणून सुचवले असेल तर लहान ऑफिसाला ती चांगली वस्तू आहे. बहुतेकांत फाइल वाचणे, लिहिणे, पुसणे यांची नोंद नुसती खूण करून चालू होते आणि तो लॉग कर्मचाऱ्याच्या मशीनपासून दूर राहतो. लिनक्सवर सांबा (विंडोज मशीनशी फाइल शेअर करणारे सॉफ्टवेअर) चालवत असाल तर त्याचे 'फुल ऑडिट' मॉड्युल आहे, आणि त्या मशीनवर बसूनच काम होत असेल तर 'ऑडिटडी'. लिनक्सच्या ॲक्सेस वेळेवरही भरवसा नको. कर्नल (लिनक्सचा गाभा) २.६.३० पासून ती 'रेलएटाइम' पद्धतीने, म्हणजे साधारणपणे दिवसातून एकदाच बदलते.

'प्रोसेस मॉनिटर' हे सिसइंटर्नल्स या विंडोजच्या साधनसंचातले साधन प्रसिद्ध आहे. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांचे हे काम, मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये त्यांची कंपनीच घेतली. या क्षणी कोणता प्रोग्रॅम कोणत्या फाइलला हात लावतोय हे बघायला त्यासारखे काही नाही, पण ते चालू असेपर्यंतच टिपते आणि तासाभरात लाखो ओळी जमतात. कायमच्या पाळतीसाठी ते नाही. त्याच घरचे 'सिसमॉन' कायम चालते, पण फाइल वाचल्याची नोंद करतच नाही, बनवल्याची आणि पुसल्याची करते. सिसमॉन टाकले म्हणजे झाले, असे सांगणारा भेटला तर हे त्याला विचारा.

इतके सगळे केल्यावरही जे निसटते तेही ऐका. स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो कोणत्याही लॉगमध्ये येत नाही. दराचा आकडा तर फोटोशिवायही जातो, उद्यमबागेत चहाच्या टपरीवर जातो. तुमचे कोटेशन ग्राहकाच्या खरेदी विभागातूनही फुटू शकते. तुमच्यापेक्षा जेमतेम कमी दर आला यावरून फाइल तुमच्याच ऑफिसातून गेली असे धरून चालू नका, हे स्पष्टच सांगतो. मी असतो तर आधी त्या ग्राहकाकडे कोटेशन कोणाकोणाला पाठवले होते ते बघितले असते.

नोंद चालू करताना मुलांना सांगून करा. ऑफिसातल्या फोल्डरवर कोण काय उघडते याची नोंद राहते, वैयक्तिक मोबाइल आणि ईमेल बघितले जात नाही, अशा चार ओळी मराठीत आणि कानडीत लिहून सही घ्या. तुमच्याकडे येळ्ळूर-कंग्राळीची पोरे असतील तशी बैलहोंगलकडचीही असतील, नंतर कोणी 'मला वाचता आले नाही' म्हणायला नको. नुसत्या या कागदाने निम्मी कामे होतात.

कायद्याकडे जायचे असेल तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चे कलम ४३ परवानगीशिवाय डेटा उघडणे आणि कॉपी करणे दोन्ही धरते. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केले असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पण नोकरीत असताना त्या मुलाला तो फोल्डर उघडायची परवानगी होतीच ना? मग नुसते 'उघडले' याला अर्थ नाही, बाहेर नेल्याचा पुरावा लागेल. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर ठरलेल्या नमुन्यातले प्रमाणपत्र लागते. त्याचा एक भाग पुरावा देणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य (मजकुरावरून काढलेला तिचा आकडी ठसा) लिहावे लागते. म्हणून लॉगचा स्क्रीनशॉट काढून प्रिंट मारू नका, लॉग मूळ स्वरूपात सेव्ह करून त्याचा हॅश त्याच दिवशी काढून ठेवा. तक्रार सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांच्या) पोलीस ठाण्यात जाते. फिर्याद कानडीत टाइप होईल, सही करण्यापूर्वी वाचणाऱ्याला बरोबर न्या. लॉगमध्ये फाइल वाचल्याची नोंद आणि फिर्यादीत पेन ड्राइव्हवर नेल्याचे वाक्य, असे झाले तर समोरचा वकील तिथेच धरतो.

हे सगळे करण्यापूर्वी आणखी एक तपासणी करा, घड्याळाची. जुन्या डेस्कटॉपमधली मदरबोर्डची बटण बॅटरी संपली की पावसाळ्यात हेस्कॉमची (वीज कंपनीची) लाइन गेल्यावर मशीनची तारीख काही वर्षे मागे जाते, आणि इंटरनेट लागेपर्यंत त्याच तारखेने नोंदी होत राहतात. वेळ कोणी हाताने बदलली असेल तर सिक्युरिटी लॉगमध्ये ४६१६ ही नोंद शोधा. दुसरे, एनटीएफएस सगळ्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत साठवते. इव्हेंट व्ह्यूअर त्या आपल्या वेळेत करून दाखवतो, पण तपासाची बरीच साधने तसे करत नाहीत, आणि दुपारी चारला उघडलेली फाइल सकाळी साडेदहाची दिसते. फॅट ३२ चा पेन ड्राइव्ह मात्र स्थानिक वेळच लिहितो, त्यामुळे एकाच यादीत दोन घड्याळे येतात. कॅमेऱ्याच्या डीव्हीआरचे आणि हजेरीच्या मशीनचे घड्याळ तर कोणी लावलेलेच नसते. आज संध्याकाळी मोबाइल हातात घेऊन चारही कॉम्प्युटर, डीव्हीआर आणि हजेरीचे मशीन यांच्या वेळा बघा, प्रत्येकाचा फरक मिनिटांत एका वहीत लिहा, तारीख घालून सही करा. डिस्क सील करायची असेल तर त्या मशीनची वेळ मात्र बंद करण्यापूर्वी टिपून घ्या.